सुई बसली नाही

सोमवारी सकाळी ते पत्र आलं आणि छोटीच्या पायाला जी भिंगरी लागली, ती बुधवार संध्याकाळपर्यंत काही सुटली नाही.

छोटी म्हणजे वयाने छोटी नव्हे हं. अडतीस पूर्ण. पण घरातलं शेंडेफळ, आणि शेंडेफळाचे केस पिकले तरी त्याला बढती मिळत नाही. दादा छोटी म्हणायचा म्हणून वहिनीही छोटीच म्हणायची. काम मात्र चांगलंच जोखमीचं होतं. देहदानातून आलेले पाठीचे मणके ती प्रयोगशाळेत तपासायची. दोन मणके आणि त्यांच्यामधली गादी असा तुकडा मशीनमध्ये घट्ट आवळायचा, माणूस वाकतो तसा तो वाकवायचा, आणि गादीच्या आतल्या मऊ गरात एक बारीक सुई घालून तिथे किती दाब येतो ते मोजायचं. सुईच्या टोकाला दाब कळतो आणि पडद्यावर आकडा उमटतो. ऐकायला सोपं आहे. करायला घ्या म्हणजे कळेल.

गेले पाच महिने ती एका क्लिपच्या मागे होती. बोटाच्या पेराएवढी धातूची क्लिप. गादी सरकलेल्या माणसाचं ऑपरेशन करताना दोन मणक्यांच्या मागच्या बाजूला ती बसवायची, म्हणजे उरलेल्या गादीवरचा दाब कमी होतो आणि ती पुन्हा दगा देत नाही, असं म्हणणं होतं. खरंच कमी होतो का, हे छोटीने मोजायचं. आठ तुकडे घेतले. प्रत्येकात आधी क्लिपशिवाय मोजलं, मग क्लिप बसवून मोजलं. दोन महिन्यांतच उत्तर आलं, बावीस टक्के. बावीस टक्क्यांनी दाब कमी! प्रयोगशाळेचे सर इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्यांना चहा केला. चहा भिकार होता, पण प्यायले सगळे.

आणि त्यात दादा. दादा बस चालवायचा. वीस वर्षं क्लच दाबून दाबून म्हणा, नाहीतर नशिबाने म्हणा, आठ महिन्यांपूर्वी त्याची गादी सरकली आणि डावा पाय मांडीपासून करंगळीपर्यंत पेटला. बसता येईना, निजता येईना. आता गुरुवारी सकाळी नऊला ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "सरकलेला तुकडा तर काढायचाच आहे. सोबत क्लिप बसवायची का, ते तुम्ही ठरवा. त्यासाठी थोडं हाड तासावं लागतं, मणक्यांमधला एक बंध कापावा लागतो. ते पुन्हा जोडता येत नाही." दादाने घरी येऊन छोटीला विचारलं, "तू सांग, बसवू?" छोटी म्हणाली, "बसव. बावीस टक्के. माझ्या हातांनी मोजलंय."

झालं. दादाने वर एक प्रश्न विचारला नाही.

आता सोमवारचं पत्र. क्लिपवरचा छोटीचा आणि सरांचा लेख ज्या नियतकालिकाकडे गेला होता, तिथल्या परीक्षकाचं. कोण, कुठला, नाव नाही, गाव नाही. पाच प्रश्न होते. चार नेहमीचे. तिसरा असा: "एकाच गादीत तीच सुई काढून पुन्हा घातली तर आकडा किती बदलतो, हे तुम्ही मोजलं आहे का? चाचणीत सुई किती वेळा पुन्हा घातली, आणि कधी?"

छोटीला आधी रागच आला. आम्हाला शिकवतोय! आकडा वेडावाकडा आला की सुई नीट बसलेली नसते, एवढं कोणालाही कळतं. मग सुई काढायची, पुन्हा घालायची, बसली की हाताला कळतं. सरांनी तिला पहिल्याच वर्षी हे शिकवलं होतं. "हाताला विचार, हात सांगतो." तिने तावातावाने वही उघडली. म्हटलं, मोजून देते तुला काय हवं ते.

वहीत प्रत्येक तुकड्याची दोन पानं होती. डावीकडे क्लिपच्या आधीचं, उजवीकडे नंतरचं. "सुई बसली नाही, पुन्हा घातली" असं जिथे जिथे लिहिलं होतं तिथे ती पेन्सिलीने खूण करत गेली. डावीकडे चौदा खुणा झाल्या. उजवीकडे एक.

तिने पुन्हा मोजलं. चौदा आणि एक.

सुई तीच, हात तोच, गादीही तीच. मग क्लिप लावली की सुई अचानक शहाण्यासारखी बसायला लागली? तिने डावीकडची खोडलेली रीडिंग वाचली. चारशे ऐंशी. पाचशे दहा. चारशे पंच्याण्णव. सगळी कमी आलेली. कमी आलं की ती म्हणाली होती, बसली नाही. पुन्हा घातली, सहाशे आलं, आता कशी छान बसली. आणि उजवीकडे, क्लिपनंतर चारशे ऐंशी आलं तेव्हा? तेव्हा तिला आनंद झाला होता आणि तिने तो आकडा लिहून टाकला होता. उजवीकडची ती एकुलती एक खूण कुठली म्हणून पाहिलं, तर तिथे क्लिप लावूनही सहाशे वीस आलं होतं. तेवढ्या वेळी सुई बसली नव्हती!

छोटी खुर्चीतून उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, वही मिटली, पुन्हा उघडली. मशीनवाले काका तेल घालत होते. ते न बघताच म्हणाले, "ताई, फरशी झिजेल."

मंगळवारी सकाळी ती सरांच्या खोलीत उभी होती. बसा म्हणाले तरी बसली नाही. सरांनी वही पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माणूस वाईट नव्हता. खोटं कधी बोलला नव्हता, बोलायची वेळही आली नव्हती.

"अगं, सगळेच असं करतात," ते म्हणाले. "मीही केलंय. सुई गरात नसेल, कडेच्या चिवट भागात अडकली असेल, तर आकडा पडतोच. तो घ्यायचा का?"

"नाही घ्यायचा, सर. पण मग क्लिपनंतर पडला तेव्हा का घेतला?"

सरांनी वही मिटून तिच्याकडे सरकवली. मग हळू आवाजात म्हणाले, "उत्तरात लिही की सुई गरजेनुसार काढून पुन्हा घालण्यात आली. तेवढं पुरतं."

"सर, नववा तुकडा आहे राखीव. क्लिप न लावता, काही न करता, नुसती दहा वेळा सुई घालून बघू दे मला."

"आणि काय मिळणार त्यातून?"

"गुरुवारी माझ्या भावाचं ऑपरेशन आहे."

सरांना हे माहीत नव्हतं. त्यांनी मान खाली घातली आणि हातानेच जा अशी खूण केली. छोटीने ती परवानगी समजली आणि पळाली. काकांनी शीतपेटीतून तुकडा काढून दिला. गोठलेला मणका घाई केली म्हणून वितळत नाही, त्याला पुरता दिवस लागतो. म्हणजे बुधवार. मधल्या वेळात करायचं काय? छोटीने चारदा हात धुतले. तीन वेळा दादाला फोन लावला आणि तिन्ही वेळा वाजायच्या आत कापला.

संध्याकाळी मात्र राहवेना, दादाच्या घरी गेली. सांगून टाकू, काय होईल ते होईल, असं घोकत गेली. दादा जमिनीवर पाठ टेकून, पाय खुर्चीवर ठेवून पडला होता. हल्ली तो असाच असायचा. शेजारचा गृहस्थ भेटायला आला होता आणि दादा त्याला जमिनीवरून व्याख्यान देत होता.

"बावीस टक्के! हवेतलं नाही सांगत. आमच्या छोटीने स्वतः मोजलंय. पाच महिने राबतेय पोरगी."

"पोरगी कसली, अडतीसची आहे," वहिनी बॅग भरता भरता म्हणाली. "तूच सांग गं, हा चार शर्ट घेऊन चाललाय. दवाखान्यात काय मिरवणूक निघणार आहे?"

सगळे हसले. छोटीही हसली, उसनं हसू. शेजारी गेल्यावर दादा म्हणाला, "खरं सांगू? तू आकडा सांगितलास ना, त्या रात्री मी झोपलो. आठ महिन्यांत पहिल्यांदा सलग सहा तास. पाय तसाच दुखत होता, पण झोपलो."

आता यावर कोणी काय बोलायचं? "उद्या येते दवाखान्यात," छोटी एवढंच म्हणाली आणि पाणीसुद्धा न पिता निघाली. जिन्यात तिने स्वतःला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की लिहून काढल्या असत्या तर वही भरली असती.

बुधवारी नऊ वाजता तुकडा मशीनमध्ये होता, मिठाच्या पाण्याने ओला, अंगाइतका कोमट. छोटीने पडद्यावर जाड पुठ्ठा चिकटवला. फक्त काकांच्या बाजूने फट ठेवली.

"काका, आकडा तुम्ही बघायचा आणि तुमच्याजवळच्या कागदावर लिहायचा. मला सांगायचा नाही. मी सुई घालणार आणि नुसतं बसली की नाही बसली ते सांगणार. तेही लिहा."

"म्हणजे माझ्यासमोर परीक्षा."

"हो."

"नापास झालात तर?"

छोटीने सुई घातली. मशीनने भार दिला, तुकडा जरा पुढे वाकला. बोटांना ती ओळखीची जाणीव झाली, चिवट कड भेदून सुई मऊ गरात सरकल्याची. "बसली." काकांनी लिहिलं. भार काढला, सुई काढली, दहा मिनिटं गादीला विसावा. पुन्हा. "बसली." पुन्हा. या वेळी हाताला काहीतरी अडल्यासारखं वाटलं. "नाही बसली." चौथ्यांदा मात्र इतकी सुरेख गेली की तिला बरं वाटलं. "बसली. ही एकदम छान बसली." काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि लिहिलं. त्यांचा चेहरा दगड. पाचव्यांदा, "अं, नाही." असं करत करत दहा वेळा. मधल्या दहा-दहा मिनिटांत ती खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. सुईचं टोक तिच्या तळव्यांत रुतलं होतं जणू.

सगळं झाल्यावर काकांनी कागद तिच्या हातात दिला. दिला आणि उठून मशीन पुसायला लागले, ती काही मळलेली नव्हती तरी.

एकच गादी. एकच भार. क्लिप नाही, काही नाही. आणि आकडे चारशे एकाहत्तरपासून सहाशे तेहेतीसपर्यंत वाटेल तसे पसरलेले. ती एकदम छान बसलेली चौथी? तिचा आकडा होता चारशे एकाहत्तर, सगळ्यांत कमी. जी बसलीच नव्हती ती पाचवी सहाशे पाच. चौथ्या आणि पाचव्यात फरक किती, ते छोटीने कागदाच्या कोपऱ्यात काढलं.

बावीस टक्के.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय कळतंय त्या गादीतलं?" काका फडकं पिळत म्हणाले. मग थांबले. "एवढं दिसायचं, ताई, की आकडा हवा तसा आला की तुम्ही गाणं गुणगुणायचात. नाही आला की सुई काढायचात. मला वाटलं, तुमची पद्धत असेल."

छोटीला रडू फुटलं. अगदी लहान मुलीसारखं, नाक वाहेपर्यंत. कोणाला फसवायचं म्हणून तिने काही केलं नव्हतं. तिला फक्त दादा बरा व्हायला हवा होता, आणि ते हवंसं वाटणं तिच्या बोटांत जाऊन बसलं होतं. पाच महिने तिला वाटत होतं की हात बोलतोय. काकांनी फडकं टाकलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने डोळे पुसले, कागदाचा फोटो काढला, वहीच्या पानांचेही काढले, आणि सगळे सरांना पाठवले. सरांनी पाहिल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

दवाखान्यात ती साडेपाचला पोचली. दादा कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. वहिनी उशाशी बसली होती. खुर्ची होती, पण छोटी उभीच राहिली आणि एका दमात बोलून मोकळी झाली. "दादा, क्लिप बसवू नकोस. माझा आकडा भरवशाचा नाही."

वहिनी ताडकन उठली. "अगं, आता? सकाळी नऊला नेणार त्याला! पाच महिने काय झोपा काढत होतीस?"

"थांब जरा," दादा म्हणाला. "भरवशाचा नाही म्हणजे? बावीस नाही, तर किती?"

"माहीत नाही. दहा असेल. काहीच नसेल. क्लिप वाईट आहे असंही मला म्हणता येत नाही. मला काहीच म्हणता येत नाही, हेच सांगतेय." आणि मग दादाला कळेल असं सांगायला तिला त्याचीच जुनी बस आठवली. "तुझ्या गाडीचा डिझेलचा काटा अडकायचा ना? काचेवर टिचकी मारली की खाली यायचा?"

"अडकायचा."

"मी टिचकी मारत होते, दादा. पण जो आकडा आवडला नाही त्यालाच. आवडला त्याला हातही लावला नाही."

दादाने तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाला, "त्या रात्री मी झोपलो होतो गं." आवाज चढला नव्हता, आणि तेच छोटीला सोसवलं नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मला माहीत आहे."

"का आवडत होता तो आकडा तुला? सरांसाठी?"

"तुझ्यासाठी."

वहिनी खाली बसली. तिने दादाच्या पायावरची चादर उगाचच नीट केली. एवढ्यात फेरीला डॉक्टर आले. छोटीने त्यांना कागद दाखवला आणि पुन्हा सगळं सांगितलं, आधीपेक्षा वाईट, अडखळत. डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "क्लिप आता रद्द म्हणता? सरांना विचारलंत?"

"पाठवलंय. उत्तर नाही."

"मी सांगतोय ना, रद्द," दादा पलंगावरून म्हणाला. "पाठ माझी आहे. तुकडा काढा, हाड राहू द्या."

डॉक्टरांनी ऑपरेशनच्या कागदावरच्या क्लिपच्या नोंदीवर रेघ मारली. जाता जाता दारात थांबले. बोलावं की नाही असं झालेलं त्यांचं, ते स्पष्ट दिसत होतं. "तुमच्या सरांकडून आकडा कळल्यापासून, या तीन महिन्यांत अकरा जणांना बसवलीय मी. प्रत्येकाला बावीस टक्केच सांगितलंय." आणि गेले.

बाहेर कुठेतरी ट्रॉलीचं चाक करकरत गेलं.

"अकरा," दादा म्हणाला. "त्यांच्यातल्या कोणाची बहीण आहे का तुमच्या लॅबमध्ये?"

छोटीने मान हलवली. नाही.

"त्या परीक्षकाला काय उत्तर लिहिलंस?"

"अजून पाठवलं नाही. सरांनी एक वाक्य सुचवलंय."

"वाच."

तिने फोन काढला. "सुई गरजेनुसार काढून पुन्हा घालण्यात आली."

"गरज कोणाची?"

दादाने काही टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं म्हणून त्याने विचारलं होतं. छोटी पलंगाच्या कडेला, त्याच्या पायाला धक्का लागणार नाही अशी बसली, ते वाक्य खोडलं आणि नवीन लिहायला लागली. लिहून झाल्यावर तिने मोठ्याने वाचलं. "क्लिपच्या आधी आकडा कमी आला की सुई बसली नाही असं समजून मी ती पुन्हा घातली. चौदा वेळा. क्लिपच्या नंतर कमी आला तेव्हा घातली नाही. काहीही न करता तीच सुई त्याच गादीत दहा वेळा घातली, तेव्हा दोन रीडिंगमध्ये बावीस टक्के फरक आला. आमचा निष्कर्ष या मोजणीवर टिकत नाही."

"आता त्या अकरा जणांचं लिही," दादा म्हणाला.

"ते त्याने विचारलेलं नाही."

"मी विचारतोय ना."

वहिनीने दिवा लावला, आणि छोटी लिहायला लागली.